बोरीवरचे राखणदार

मुंगी म्हटली की आपल्याला साखर, रांग आणि उद्योग या तीन गोष्टी आठवतात. तुकोबांनी देवाकडे लहानपण मागताना मुंगीचाच दाखला दिला. शाळेच्या पुस्तकांतली मुंगी नाकतोड्याला उपदेश करते. झाडाच्या बुंध्याशी मूठभर पीठ-साखर घालून पुढे जाणारी वडीलधारी माणसे आजही दिसतात. एवढे सगळे असूनही मुंगीचा एक धंदा आपल्या गोष्टींत फारसा आलेला नाही. मुंगी राखणदारी करते, आणि तीही आपल्या पिल्लांची नव्हे, परक्याच्या लेकराची. फुलपाखराच्या अळीभोवती ती पहारा देते.

हे पाहायला दूर अरण्यात जावे लागत नाही. नाशिकच्या आसपास माळावर, शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठाने बोरी आहेत. पावसाळा सरता सरता अशा एखाद्या बोरीपाशी थांबावे. पानांवर बारीक, फिकट चरे दिसतात, जणू कोणी नखाने हिरवा थर खरवडून काढला आहे. त्याच्या जवळपास काळे मुंगळे (आपल्याकडे काही जण डोंगळे म्हणतात) घुटमळत असतील तर नजर तिथे लावावी. पानाच्याच रंगाची, चपटी, गोगलगाईसारखी अंगाशी अंग चिकटवून बसलेली एक अळी सापडते. ती बोटाच्या पेराएवढीही नसते. मुंगळा तिच्या पाठीवर मिशा फिरवतो, थोडा थांबतो, पुन्हा फिरवतो. फांदीला आपले बोट लागले की हाच मुंगळा जबडा वासून अंगावर येतो. अळी मात्र शांतपणे चरत राहते.

या अळीचे पुढे जे फुलपाखरू होते ते नखाएवढे, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेले. इंग्रजीत या गटाला ‘पिएरो’ म्हणतात, युरोपातल्या विदूषकाच्या पोशाखावरून. त्याचे कूळ लायसिनिडी, म्हणजे छोट्या निळ्या फुलपाखरांचे कूळ. जगात या कुळाच्या पाच हजारांहून अधिक जाती आहेत, आणि ज्यांचा जीवनक्रम ठाऊक झाला आहे त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जातींचा मुंग्यांशी काही ना काही संबंध आहे. काहींचा येता-जाता, काहींचा जन्माचा.

हा संबंध माणसाला कसा कळत गेला, आणि प्रत्येक पिढीने त्याचा अर्थ कसा वेगळा लावला, हे इथे सांगायचे आहे. या इतिहासातला एक मोठा भाग आपल्या मुंबई इलाख्यात घडला, आणि आपल्याला त्याची फारशी माहिती नाही.

आधी मुळाशी जाऊ. मुंग्या माव्याची राखण करतात आणि त्याने टाकलेला गोड रस पितात, हे युरोपात बरेच आधीपासून माहीत होते. मावा म्हणजे मुंग्यांची गाय, अशी उपमाही रूढ होती. डार्विनने १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात यावरचा स्वतःचा एक साधा प्रयोग लिहून ठेवला आहे. एका रोपावर डझनभर मावा होता. त्याने तिथल्या सगळ्या मुंग्या काढून टाकल्या आणि काही तास वाट पाहिली. माव्याने रस सोडला नाही. मग त्याने केसाने, मुंगीच्या मिशा फिरतात तसे, माव्याला गुदगुल्या करून पाहिल्या. तरी नाही. शेवटी एक मुंगी सोडली. तिने मिशा लावताच एकेक मावा रसाचा थेंब सोडू लागला. डार्विनला यात जे टोचत होते ते महत्त्वाचे आहे. त्याच्या सिद्धांताप्रमाणे कोणताही प्राणी केवळ दुसऱ्याच्या भल्यासाठी काही करीत नाही. मग मावा हा रस का देतो? त्याने उत्तर दिले की रस चिकट असतो, तो कोणी काढून नेला तर माव्याचीच सोय होते. उत्तर पुरे पडो न पडो, प्रश्न मात्र नेमका होता: यात कोणाचा फायदा?

अळीकडे लक्ष गेले ते त्यानंतर. १८६७ साली गेने नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने एका निळ्या फुलपाखराच्या अळीच्या पाठीवर, शेपटाकडच्या बाजूला, एक चमत्कारिक अवयव असल्याचे वर्णन केले. ही अळी आपल्याला परकी नाही. वाल, तूर, वाटाणा यांच्या शेंगा सोलताना आत जी चपटी हिरवट अळी सापडते, तिच्यात हीच जात असते. हे फुलपाखरू युरोपातही आहे आणि आपल्याकडेही. आपल्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या ती अळी सुपातून बाहेर फेकली गेली. तिच्या पाठीकडे भिंगातून पाहिले ते फ्रान्सच्या मंडळींनी. पुढे १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड्‌स यांनी मुंग्या अशा अळीला कुरवाळून थेंब पितात हे तपशीलवार लिहिले आणि अवयवाचे काम उलगडले.

आज त्या अवयवाबद्दल बरेच कळले आहे. अळीच्या पोटाच्या सातव्या खंडावर पाठीमागे एक बारीक फट असते, तिच्यातून साखर आणि अमिनो आम्ले असलेला गोड थेंब येतो. आठव्या खंडावर दोन बाजूंना दोन छोट्या नळ्या असतात. त्या एकदम बाहेर येतात, टोकाला केसांचा झुपका फुलतो आणि क्षणात आत जातात. त्या बाहेर आल्या की मुंग्या खडबडून सावध होतात. याशिवाय अंगभर सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे मुंग्या अळीला शत्रू समजत नाहीत, असे मानतात. अळीची कातडीही इतर अळ्यांच्या मानाने बरीच जाड असते. मुंगीचे मन राखायचे आणि वेळ पडली तर तिचा जबडाही सोसायचा, अशी दुहेरी तयारी आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १५ सप्टेंबर १८८३ या दिवशी मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. रखमाबाईंचे सावत्र वडील ते हेच. उरलेल्यांत एक होते एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. मिशनऱ्याचा हा मुलगा १८५१ साली साताऱ्याला जन्मला, मुंबई-पुण्यात शिकला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवत होता आणि मग जकात व मीठ खात्यात गेला. या नोकरीने त्याला उरण, रत्नागिरी, कारवार, गोव्याची सरहद्द असे फिरवले. ‘ई. एच. ए.’ या आद्याक्षरांनी तो बंगल्याच्या आवारातल्या बेडूक-पाली-मुंग्यांवर मिस्किल लेख लिहायचा. सोसायटीचे नियतकालिक १८८६ साली सुरू झाले आणि अशा हौशी लोकांना आपले पाहिलेले लिहायला जागा मिळाली. पगार मिठाचा हिशेब ठेवण्याचा आणि जीव किड्यांत, अशी ही माणसे.

याच सुमारास कलकत्त्यात लायोनेल डि निसेव्हिल नावाचा सरकारी कारकून भारतातल्या फुलपाखरांचा मोठा ग्रंथ सिद्ध करीत होता. त्याच्या तिसऱ्या खंडात, १८९० साली, ही निळी फुलपाखरे आली. देशभरातून लोक त्याला टिपणे पाठवीत, आणि त्यांतून कोणती अळी कोणत्या झाडावर राहते, तिच्यापाशी कोणत्या मुंग्या असतात, याची नोंद होत गेली. त्यातला बोरीवरच्या पिएरोचा वृत्तान्त प्रसिद्ध आहे. अळ्या पूर्ण वाढल्या की मुंग्या त्यांना खोडावरून खाली बुंध्यापर्यंत आणतात. तिथे मातीच्या आडोशाला अळ्या कोषात जातात आणि मुंग्या कोषांवरही लक्ष ठेवतात. संध्याकाळी गुराख्याने गुरे गोठ्याकडे वळवावीत, तसे हे दृश्य. आपल्याकडे जो मुलगा दिवसभर बोरीखाली शेळ्या राखत बसतो, त्याने हे कितीदा पाहिले असेल! पण त्याच्या पाहण्याची नोंद कुठल्या खंडात व्हायची?

खरे मोठे काम झाले ते कारवारला. तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. मराठी-कोकणी-कानडी बोलणारा, समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधला हा दाट रानाचा पट्टा. योगायोगाने तिथे तीन माणसे एकत्र आली: कलेक्टर जेम्स डेव्हिडसन, जकात खात्यातले एटकेन आणि जंगल खात्यातले टी. आर. बेल. डेव्हिडसन यांनी त्याआधी आपल्या शेजारच्या पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी केली होती. या तिघांनी उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवर लिहिलेली लेखमाला १८९६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात आली.

त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. त्या काळी फुलपाखरांचा नाद म्हणजे जाळीने पकडा, टाचणीने टोचा, पेटीत लावा, नाव द्या. या तिघांनी अंड्यापासून सुरुवात केली. मादीमागे चालत जायचे, ती कुठे अंडे घालते ते पाहायचे, फांदी घरी आणायची, अळी वाढवायची, कोष कसा आणि कुठे होतो ते टिपायचे, आणि सोबत कोणती मुंगी आहे तेही. या फांद्या रोज ताज्या आणून देणारी, रानातली झाडे नावानिशी ओळखणारी माणसे तिथलीच असणार. साहेबाच्या नजरेला वाट दाखवणारे हे डोळे इतिहासात बिननावाचे राहिले, हे वाचताना मनात येत राहते.

अळ्या घरी वाढवू लागल्यावर त्यांना एक गोष्ट कळली, जी पेटीतल्या टोचलेल्या फुलपाखराने कधीच सांगितली नसती. काही जाती मुंग्यांवाचून वाढतच नाहीत. ‘रेडस्पॉट’ नावाच्या फुलपाखराची मादी झाड कोणते याहीपेक्षा त्यावर तांबड्या मुंग्या आहेत का हे पाहून अंडी घालते. कोकणात या मुंग्यांना ओंबील म्हणतात. पाने शिवून घरटे करणाऱ्या, कडकडून चावणाऱ्या. आंबे उतरवताना ज्याच्या अंगावर त्या सांडल्या आहेत त्याला त्यांची जास्त ओळख करून द्यायला नको. ऐन, तामण अशा झाडांवरच्या ‘ओकब्लू’ फुलपाखरांच्या अळ्याही याच ओंबिलांच्या राज्यात राहतात. ज्या मुंगीपासून सगळे किडे पळ काढतात, तिच्याच घरात एक मऊ, आंधळटशी अळी निर्धास्त वाढते. ‘सिल्व्हरलाइन’ म्हणून चंदेरी पट्ट्यांची सुंदर फुलपाखरे आहेत. त्यांच्या अळ्या पोट वर उचलून चालणाऱ्या एका लहान मुंगीच्या आश्रयाने राहतात. त्यांतली एक जात आपल्या बोरीवरही आढळते.

बेल यांनी हे काम पुढे एकट्याने चालू ठेवले. मैदानी प्रदेशातल्या सामान्य फुलपाखरांवरची त्यांची लेखमाला १९०९ ते १९२७ अशी अठरा वर्षे चालली. त्यात अळीचे वर्णन, झाड, सवयी आणि मुंग्या यांवर पानेच्या पाने आहेत. आयर्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर मायदेशी गेला नाही. कारवारलाच राहिला आणि १९४८ साली तिथेच वारला. पुढे विंटर-ब्लाइथ यांचे १९५७ सालचे पुस्तक असो की कृष्णमेघ कुंटे यांचे २००० सालचे दक्षिण भारतातल्या फुलपाखरांवरचे पुस्तक असो, कारवारच्या त्या व्हरांड्यांत वाढवलेल्या अळ्यांचे ऋण या क्षेत्रात सगळ्यांवर आहे.

एटकेनची एक नोंद नाशिककरांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. १८९४ साली त्याने ‘एपफ्लाय’ नावाच्या फुलपाखराची अळी आणि कोष यांचे वर्णन केले. कोषाकडे वरून पाहिले तर माकडाचे तोंड दिसते, म्हणून हे नाव. पण चेहऱ्यापेक्षा त्याचा आहार महत्त्वाचा. ही अळी पान खात नाही, पिठ्या ढेकूण खाते. द्राक्षबागाईतदाराला पिठ्या ढेकूण काय चीज आहे हे सांगावे लागत नाही. घडांत शिरतो, चिकटा सोडतो, त्यावर काळी बुरशी येते आणि वर्षाची मेहनत बाजारात कवडीमोल होते. मुंग्या या पिठ्याची राखण करतात, कारण त्याचा चिकटा हे त्यांचे अन्न. म्हणून मुंग्यांचाही बंदोबस्त करा असे शेतकऱ्यांना सांगितले जाते. एपफ्लायची अळी त्या पहाऱ्यातच राहते. पिठ्याचे पांढरे पीठ अंगावर घेऊन ती कळपात मिसळते आणि गुराख्याच्या डोळ्यांदेखत गुरे खात सुटते. म्हणजे एकाच कुळात एकीने मुंगीशी करार केला आणि दुसरीने मुंगीला फसवले. कोणती चांगली? द्राक्षवाल्याला विचाराल तर फसवणारी.

आता अर्थाकडे वळतो, कारण मला या इतिहासात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट तीच वाटते. दृश्य एकच, पण ज्याने त्याने त्यात आपला काळ पाहिला. एकोणिसाव्या शतकातल्या साहेबाला त्यात गोठा दिसला: मुंगी मालक, अळी दुभते जनावर. १९०२ साली क्रोपोटकिनचे परस्पर साहाय्यावरचे पुस्तक आले. त्यात मुंग्यांच्या एकमेकींना भरवण्याचे कौतुक आहे, आणि जीवसृष्टी म्हणजे केवळ झुंज नव्हे, सहकारही आहे, असा त्याचा आग्रह होता. त्या नजरेला अळी आणि मुंगी हे शेजारधर्माचे उदाहरण वाटले असते. पुढे विसाव्या शतकात हिशेबाची भाषा आली. किती दिले, किती मिळाले?

हा हिशेब नेओमी पियर्स यांनी चोख मांडला. १९८१ साली त्यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या एका निळ्या फुलपाखरावरचे काम प्रसिद्ध केले. मुंग्या दूर ठेवल्या की अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणि माश्या जास्त अळ्यांचा घास घेत. अळीचा खरा शत्रू कोण आणि पहारा कशासाठी, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका जातीवर काम करताना त्यांना दुसरी बाजू दिसली. तिथे मुंग्यांवाचून अळ्या रानात टिकतच नाहीत. पण मुंग्यांच्या पहाऱ्यात वाढलेल्या अळ्यांची फुलपाखरे आकाराने लहान होतात. रस देऊन देऊन अंग झिजते. संरक्षण फुकट नव्हते. ज्यांनी गावकी, पाटीलकी, पोलीसपट्टी यांचा इतिहास शिकवला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आणि २०१५ साली जपानमधून एक संशोधन आले त्याने चित्रच पालटले. तिथे होजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ओकब्लूचा अभ्यास केला, म्हणजे बेल यांनी कारवारला पाहिलेल्या फुलपाखरांच्या भाऊबंदाचाच. ज्या मुंग्यांनी अळीचा रस प्यायला त्यांची हिंडफिर कमी झाली, त्या अळीपाशीच रेंगाळू लागल्या, आणि अळीने नळ्या बाहेर काढताच आक्रमक होऊ लागल्या. त्यांच्या मेंदूतले डोपामिन नावाचे द्रव्य कमी झालेले आढळले. म्हणजे रस हे निव्वळ वेतन नव्हे, त्यात गुंगीही आहे. शंभर-सव्वाशे वर्षे आपण मुंगीला मालक समजत होतो आणि अळीला गाय. कदाचित गाईनेच गुराख्याला व्यसन लावून दावणीला बांधले असेल.

मग खरे कोणते? गोठा, शेजारधर्म, सौदा की फसवणूक? मला वाटते, प्रत्येक अर्थाने थोडे खरे दाखवले आणि प्रत्येकाने आपल्या समाजाची सावली त्यावर टाकली. साम्राज्याच्या काळात मालक-जनावर दिसले, बाजाराच्या काळात नफा-तोटा, आणि जाहिरातींनी माणसाला गुंगवण्याच्या काळात गुंगी. निरीक्षणे मात्र टिकली. एटकेन-बेल यांच्या उपमा जुन्या झाल्या, पण अमुक अळी अमुक झाडावर अमुक मुंगीसोबत असते ही त्यांची नोंद आजही तशीच उपयोगी आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा कोणता? पाहिलेले आणि लावलेला अर्थ यांची वही वेगळी ठेवावी.

पण हा सगळा बुद्धीचा खेळ आहे, त्यात प्रत्यक्ष कोणाचे काही अडले नाही, असे कोणी म्हणेल. त्यासाठी इंग्लंडमधली एक हकीकत सांगतो.

‘लार्ज ब्लू’ हे तिथले देखणे निळे फुलपाखरू. त्याची अळी आधी रानओव्याच्या जातीच्या एका झुडपाची फुले खाते आणि मग एक दिवस जमिनीवर पडून राहते. पुढे तिचे काय होते हे बरीच वर्षे कोडे होते. १९१५ च्या सुमारास फ्रोहॉक, चॅपमन आणि कॅप्टन प्युरफॉय यांनी ते सोडवले. प्युरफॉय यांनी तर अक्रोडाच्या करवंटीत मुंग्यांचे छोटे घर करून त्यात अळी वाढवली. झाले असे की लाल मुंगी त्या पडलेल्या अळीला आपलेच हरवलेले पिल्लू समजून वारुळात नेते. आत गेल्यावर अळी मुंग्यांची पिल्ले खाते, सुमारे दहा महिने जमिनीखाली राहते आणि फुलपाखरू होऊन वारुळातून चालत बाहेर येते. तिच्याच एका चुलत जातीच्या अळ्या आणि कोष राणी मुंगीसारखा आवाज काढतात, असेही २००९ साली सिद्ध झाले.

हे फुलपाखरू कमी होत चालले तेव्हा लोकांना वाटले, पकडणारे हौशी लोक याला कारण. म्हणून त्याच्या एका जागेला कुंपण घातले. माणसे आत येईनात, पण मेंढ्याही येईनाशा झाल्या. पुढे १९५० नंतरच्या दशकात सशांत रोगाची साथ आली आणि ससेही गेले. गवत वाढले. आणि फुलपाखरू आणखी झपाट्याने नाहीसे झाले. जेरेमी थॉमस या संशोधकाने १९७० च्या दशकात शेवटच्या वस्तीपाशी ठाण मांडले, तेव्हा कारण सापडले. या फुलपाखराचे पोषण मुख्यतः लाल मुंगीच्या एकाच जातीच्या वारुळात होते, आणि त्या जातीला ऊन लागणारी, गरम जमीन लागते. गवत तीन सेंटीमीटरहून वर गेले की जमिनीवर सावली पडते, ती थंड होते आणि ती मुंगी निघून जाते. फुलपाखरू, ओवा, कुंपण, कायदा सगळे जागेवर, फक्त मुंगी नाही. उत्तर हाती आले तोवर उशीर झाला होता. १९७९ साली ते ब्रिटनमधून नष्ट झाले. पुढे चराई पुन्हा सुरू केली, मुंग्या परतल्या, १९८३ पासून स्वीडनमधून अळ्या आणून सोडल्या, आणि आज ते तिथे पुन्हा उडते आहे. मेंढपाळाला हाकलून जे वाचले नाही, ते मेंढपाळाला परत बोलावून वाचले.

ही हकीकत आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाही. बोरीवरचा पिएरो काही दुर्मीळ नाही आणि त्याच्या अळीला मुंगळ्यांशिवायही दिवस काढता येतात. त्याला वाचवा अशी हाक देण्याचे कारण नाही. शिवाय मी भाबडेपणाने फुलपाखरांची बाजूही घेत नाही. सटाणा-मालेगाव-देवळ्याकडे डाळिंबे पोखरणारी सुरसा अळी याच निळ्या कुळातली आहे. पोखरलेले फळ गळून पडू नये म्हणून ती देठाला रेशमाने बांधून ठेवते. ही हुशारी वाचायला छान वाटते, बागवाल्याला वाटत नाही. त्याने फवारणी करू नये असे मी घरात बसून कोणत्या तोंडाने सांगू?

सांगायचे आहे ते वेगळे. आपल्याकडे बांधावरची बोर ही आता अडचण झाली आहे. काटे लागतात, सावली पिकावर पडते, यंत्र वळत नाही. कलमी बोरांपुढे या गावठी बोरांना भाव नाही. बांध अरुंद होतात, बोर जाते, तिच्या मुळांतले वारूळ जाते. मग एखाद्या वर्षी बागेत किडीचा उपद्रव वाढतो आणि आपण औषध बदलतो. कोणी कोणाला धरून होते, कोण कोणाला खात होते, कोण कोणाला राखत होते, याचा हिशेब आपल्याकडे नसतो. द्राक्षावरच्या पिठ्याला खाणारी एपफ्लाय फवारणीत गेली की राहिली, हेही पाहणारा दुर्मीळ. कारवारच्या तिघांनी अळीबरोबर मुंगीचे नाव लिहिले, ती त्यांची सवय आज नुसती शास्त्राची नाही, शेतीच्या उपयोगाची आहे. वहीत एकट्या किड्याचे नाव लिहून भागत नाही. त्याच्या सोबत्याचे आणि झाडाचेही लिहावे लागते.

हे लिहायला कलेक्टर असायला नको, इंग्रजीही यायला नको. एक बोर, एक भिंग आणि शंभर पानी वही पुरते. जिल्ह्यात शेकडो शाळा आहेत आणि बहुतेकांच्या वाटेवर अजून एखादी तरी बोर उभी असेल. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याच्या पाहण्याची नोंद झाली नाही त्या शेळ्या राखणाऱ्या पोराचे पणतू-खापरपणतू आज त्या शाळांत बसतात. तारीख, झाड, अळी, मुंगी, आणि खाली पाहणाऱ्याचे स्वतःचे नाव, एवढे पाच रकाने त्यांना आखून द्यावेत. अर्थ काय लावायचा तो पुढचे लोक लावतील.